मधुमेहाचा रुग्ण कोरोनाने ॲडमिट झाला तर: पहिल्या दिवसापासून घरी येईपर्यंत शुगर कशी सांभाळायची

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे पहिले कोरोना रुग्ण मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आले. तेव्हापासून दुसरी लाट ओसरेपर्यंत वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: ऑक्सिजन किती आहे? प्रश्न बरोबरच होता. पण ज्यांच्या माणसाला मधुमेह होता, त्यांनी त्याच्या जोडीला आणखी एक आकडा रोज विचारायला हवा होता: आज शुगर किती-किती आली? कोरोनाची साथ गेली, विषाणू गेलेला नाही. तो अधूनमधून डोकं वर काढतो आणि साठी-सत्तरीच्या मधुमेही माणसाला आजही ऑक्सिजनवर नेऊ शकतो. हा लेख त्या माणसाच्या घरच्यांसाठी आहे. औषधं डॉक्टर ठरवतील. पण माहिती वेळेवर पुरवणं, खाण्याकडे लक्ष ठेवणं आणि नेमके प्रश्न विचारणं ही कामं घरच्यांचीच, आणि त्यांनी रुग्णाच्या प्रकृतीत खरोखर फरक पडतो.

धोका किती, आणि तो कशामुळे

इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत रुग्णालयात कोरोनाने दगावलेल्यांची मोठी नोंद तपासली गेली. मृतांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह होता. वय, लिंग वगैरे गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही टाइप २ मधुमेहींमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे दुप्पट, तर टाइप १ मध्ये साधारण साडेतीन पट निघाली. फ्रान्समधल्या ‘कोरोनाडो’ अभ्यासात फक्त दाखल झालेले मधुमेही रुग्ण होते. त्यांच्यात दहापैकी एक जण पहिल्या सात दिवसांत आणि पाचपैकी एक जण २८ दिवसांच्या आत दगावला. हे आकडे लसीच्या आधीचे आहेत. आज लस घेतलेल्या किंवा आधी संसर्ग होऊन गेलेल्या माणसाचा धोका त्यापेक्षा बराच कमी असतो. तरीही मधुमेह नसलेल्यापेक्षा मधुमेह असलेल्याला जास्त जपावं लागतं, हे बदललेलं नाही.

सगळ्यात बोलका आकडा चीनच्या हुबेई प्रांतातला आहे. तिथे टाइप २ मधुमेह असलेल्या दाखल रुग्णांचे दोन गट पाहिले गेले. रुग्णालयात असताना ज्यांची शुगर ७० ते १८० च्या पट्ट्यात राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, आणि ज्यांची त्या पट्ट्याबाहेर गेली त्यांच्यात ११ टक्के. हे आकडे जपून वाचायला हवेत. ज्याचा आजारच सौम्य, त्याची शुगरही सहज आटोक्यात राहते. त्यामुळे सगळा फरक शुगरनेच पडला असं म्हणता येत नाही. पण शुगर सांभाळण्याकडे दुर्लक्ष करावं, असंही त्यातून कोणी काढू शकणार नाही.

आणखी एक बाब नातेवाइकांना धीर देणारी आहे. मागच्या तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी एचबीएवनसी इंग्लंडमध्ये मोजली तेव्हा, १० टक्के किंवा त्याहून जास्त असणाऱ्या टाइप २ मधुमेहींना कोरोनाने मरण येण्याचा धोका चांगलं नियंत्रण असणाऱ्यांच्या सुमारे १.६ पट दिसला. फ्रान्समध्ये मात्र एकदा दाखल झाल्यानंतर पुढे कोण व्हेंटिलेटरवर जाईल हे जुन्या एचबीएवनसीवरून सांगता आलं नाही. दाखल होतानाची शुगर, वजन, वय आणि आधीपासून बिघडलेल्या रक्तवाहिन्या यांचा संबंध दिसला. मी याचा अर्थ असा लावते: वर्षानुवर्षांचं नियंत्रण माणसाला त्या खाटेपर्यंत जाण्यापासून वाचवतं, आणि खाटेवर गेल्यानंतर हातात असते ती आजची शुगर. ‘आबांनी कधी पथ्य पाळलंच नाही, आता काय उपयोग’ हे वाक्य म्हणून मनातून काढून टाका.

कारण थोडक्यात असं. शुगर सतत जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि रक्त गुठळ्यांकडे झुकतं. कोरोनाही नेमका याच ठिकाणी घाव घालतो. शिवाय तापात शरीर जी तणावाची संप्रेरकं सोडतं ती शुगर आणखी चढवतात. म्हणजे आजार शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर आजाराला बळ देते. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते.

पायरी पहिली: घरी असतानाच

ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह आली, की तासाभरात एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा. मधुमेह किती वर्षांचा. प्रत्येक गोळीचं नाव, ताकद आणि वेळ. हृदयाचा त्रास, बायपास, अँजिओप्लास्टी, रक्त पातळ करणारी गोळी. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि शेवटची एचबीएवनसी. पायाला जखम असेल तर ती. इन्सुलिन चालू असेल तर नाव, सकाळ-संध्याकाळचे युनिट आणि बाटली की पेन. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे साध्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनमध्ये १००. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी टोपणाची. यात अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. शक्य असेल तर बाटली किंवा पेन सोबत घेऊनच जा.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोळ्यांबद्दल नाव घेऊन विचारा. पहिली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. माणूस नीट जेवत नसेल, उलट्या होत असतील तर या गोळीने रक्तात आम्ल साचू शकतं, तेही शुगर दोनशेच्या आसपास असताना. दुसरी मेटफॉर्मिन: ऑक्सिजन कमी झाला, शरीरातलं पाणी कमी झालं किंवा किडनी बिघडली तर ती थांबवतात. तिसरी ग्लिमेपिराइड: पोटात अन्न नसताना ती शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. इन्सुलिनचं मात्र उलट आहे. जेवण कमी झालं तरी, विशेषतः टाइप १ च्या रुग्णाचं इन्सुलिन पूर्ण कधीच थांबवायचं नाही. डोस डॉक्टर बदलून देतील.

दवाखाना कधी गाठायचा? ऑक्सिमीटर वारंवार ९४ च्या खाली दाखवतोय, बोलताना दम लागतोय, उलट्या थांबत नाहीत, शुगर सारखी ३०० च्या वर आहे, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा नुसता पडून राहतोय. यातलं एक जरी असलं तरी निघा. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम असावं आणि नखावर नेलपॉलिश नसावं.

अनेकांच्या नजरेतून सुटणारं एक लक्षण आहे. श्वास जोरात आणि खोल चाललाय, पोटात दुखतंय, मळमळतंय, पण ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. घरच्यांना वाटतं, कोरोनाचा दम आहे, ऑक्सिजन तर चांगला आहे, थांबू या. हा दम फुप्फुसाचा नसून रक्तात साचलेल्या कीटोन नावाच्या आम्लाचा असू शकतो. त्याला डॉक्टर कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि त्यात काही तासांचा उशीरही महाग पडतो. गेल्या-गेल्या सांगा: ‘मधुमेह आहे, कीटोन तपासा.’

जत किंवा आटपाडीच्या बाजूने मिरज-सांगली गाठायला दीड-दोन तास सहज जातात. म्हणून तिकडच्या लोकांनी ९४ ची वाट न बघता, आकडा रोज थोडा थोडा उतरतोय असं दिसलं की निघावं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

पायरी दुसरी: ॲडमिशनचा दिवस

केसपेपर काढतानाच मधुमेह सांगा आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्या. नुसत्या फाईलमध्ये लावून ठेवू नका. पहिल्या दिवशी शुगर, एचबीएवनसी, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम, कीटोन, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी झाले का, हे विचारा. एचबीएवनसीचा खास उपयोग असा की ज्याला मधुमेह असल्याचं आजवर माहीतच नव्हतं अशा माणसाची शुगर २५० आली, तर ती जुनी आहे की आजाराच्या ताणाने आता चढली आहे, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. पुढचा सगळा इलाज त्यावर बेतता येतो.

गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं की घरात कुजबुज सुरू होते: ‘एकदा इन्सुलिन लागलं की कायमचं.’ तसं नसतं. गंभीर आजारात शुगर तासातासाला हलते. गोळ्यांचा परिणाम तितक्या चटकन कमी-जास्त करता येत नाही, इन्सुलिनचा येतो. आजार उतरला की बहुतेकांना पुन्हा गोळ्यांवर आणतात. या भीतीपोटी इन्सुलिनला नकार देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

साधारणपणे १८० च्या वर शुगर राहिली की इन्सुलिन सुरू करतात आणि गंभीर रुग्णात १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. ‘नॉर्मल शंभर का नाही आणत?’ असा आग्रह धरू नका. आयसीयूतल्या रुग्णांची शुगर ८१ ते १०८ इतकी घट्ट आवळून पाहणारा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घट्ट आवळलेल्या गटात मृत्यू कमी न होता वाढले.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘दिवसभर काम करणारं इन्सुलिन चालू आहे का, की शुगर वाढली तरच देताय?’ तासगावच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. दिवसभराचं इन्सुलिन म्हणजे ठिबक, आणि शुगर चढल्यावर दिलेलं इन्सुलिन म्हणजे वेल सुकल्यावर सोडलेलं पाणी. नुसत्या दुसऱ्यावर भागवलं की आकडे ३५० आणि ९० मध्ये झोके घेतात. प्रश्न नम्रपणे, राउंडच्या वेळी विचारा. बहुतेक डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो.

पोटावर दिलं जाणारं प्रत्येक इंजेक्शन इन्सुलिन नसतं, हेही लक्षात असू द्या. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शनही तिथेच देतात.

पायरी तिसरी: स्टेरॉइड सुरू झालं की

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिलं की डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर येतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. यातून दोन गोष्टी निघतात. तुमच्या माणसाला ऑक्सिजन लागला असेल तर ‘शुगर वाढेल’ म्हणून स्टेरॉइडला विरोध करू नका. ते जीव वाचवतं आणि शुगर इन्सुलिनने धरता येते. आणि ऑक्सिजन लागत नसेल तर स्टेरॉइड मागू नका. शेजाऱ्याला दिलं होतं म्हणून मेडिकलमधून आणून घरी तर मुळीच देऊ नका.

स्टेरॉइडची शुगर एका ठरावीक पद्धतीने चढते. सकाळी डोस दिला की दुपारनंतर आकडा वाढत जातो, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो आणि पहाटेपर्यंत बराच उतरतो. म्हणून फक्त सकाळची उपाशीपोटीची शुगर बघून ‘१३० आहे, छान आहे’ असं समाधान मानणं धोक्याचं. त्याच माणसाची संध्याकाळी सात वाजता ३८० असू शकते. जेवत्या रुग्णाची शुगर निदान चार वेळा तपासली जावी: तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना. ज्याला नळीने सतत अन्न चालू आहे त्याची दर चार ते सहा तासांनी.

दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं. स्टेरॉइड कमी केलं किंवा थांबवलं की इन्सुलिनची गरज एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरते. इन्सुलिन जुन्याच डोसवर राहिलं तर पहाटे शुगर कोसळते. ‘आज स्टेरॉइड कमी केलंय का? मग इन्सुलिन कमी केलं का?’ हे दोन प्रश्न कायम जोडीने विचारा.

पायरी चौथी: डबा

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, ही रीत आहे. शहाळं, मोसंबीचा रस, द्राक्षं, बेदाणे, घरून गुळाचा काढा. प्रेम सगळं खरं, पण स्टेरॉइडवर असलेल्या मधुमेही माणसाच्या रक्तात हे सगळं तासाभरात साखर होऊन उतरतं. गूळ चालतो आणि साखर नको, हा समज गुळाची पेठ असलेल्या सांगलीत खूप खोल रुजलेला आहे. शुगरच्या दृष्टीने दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. चुरमुऱ्याचं भडंगही हलकं वाटतं, पण आकडा लवकर चढवतं. किडनी बिघडलेली असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम वेगळाच धोका उभा करतं.

मग डब्यात काय द्यायचं? ज्वारीची भाकरी किंवा चपाती, घट्ट वरण किंवा उसळ, अंडं किंवा पनीर, पालेभाजी, बिनसाखरेचं ताक किंवा दही. ताप आणि स्टेरॉइड मिळून स्नायू झिजवतात, म्हणून प्रथिनं रोज प्रत्येक जेवणात हवीत. किडनीचा आजार आधीपासून असेल तर प्रथिनं किती, हे डॉक्टरांना विचारा. पथ्याच्या नावाखाली माणसाला अर्धपोटी ठेवू नका. उपास तर या दिवसांत नकोच.

जेवणाआधीचं इन्सुलिन आणि ताट यांची वेळ जुळली पाहिजे. इंजेक्शन साडेबाराला आणि डबा दोनला, अशाने शुगर खाली जाते. डबा कधी पोचणार आहे हे आधी कळवा. आणि माणूस किती जेवला ते प्रत्येक वेळी सांगा: ‘सिस्टर, आबांनी आज अर्धीच भाकरी खाल्ली, वरण घेतलंच नाही.’ या एका वाक्यावर पुढचा डोस बदलू शकतो.

शुगर ७० च्या खाली गेल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर लपवतात. तिथे घाम आणि बोलण्यातला बदल पाहा. सिस्टरला ताबडतोब बोलवा. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

पायरी पाचवी: वही

शंभर पानी वही पुरे. एका ओळीत तारीख, वेळ, शुगर, इन्सुलिनचे युनिट, स्टेरॉइड दिलं का, किती जेवले, ऑक्सिजन. रुग्णालयात चार्ट असतोच, पण पाळ्या बदलतात, वॉर्ड बदलतात, कधी मिरजेहून दुसरीकडे हलवावं लागतं. वही तुमच्याबरोबर राहते. बोटातून शुगर तपासताना हात पाण्याने धुऊन पुसलेला असावा; फळ सोलून चिकट झालेल्या बोटावर आकडा खोटा वाढीव येतो. रक्तदाब फार खाली गेलेल्या किंवा अंगावर सूज असलेल्या रुग्णात बोटाचा आकडा भरवशाचा नसतो, तिथे शिरेतलं रक्त तपासतात.

रोज एकदा पाय पाहा. टाचा, बोटांच्या बेचक्या, माकडहाड. मधुमेहात संवेदना कमी झालेल्या पायाला पडून राहून जखम झाली तरी दुखत नाही, त्यामुळे माणूस तक्रारच करत नाही.

काळी बुरशी: काय दिसलं तर धावायचं

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने देशभर हाहाकार केला. भारतातल्या २,८२६ रुग्णांच्या एका पाहणीत ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालं होतं. ही बुरशी हवेत, मातीत सगळीकडे असते. जास्त शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले की तिला वाट मिळते. आज ती तेव्हाइतकी दिसत नाही, पण स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेही माणसात डिस्चार्जनंतरही काही आठवडे सावध राहा. गालाच्या एका बाजूला दुखणं किंवा बधिरपणा, एका डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणं, नाकातून काळसर किंवा रक्ताळलेला स्राव, वरचे दात अचानक हलणं, टाळूवर काळा डाग. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार म्हणजे ॲम्फोटेरिसिन हे बुरशी मारणारं औषध आणि बहुधा शस्त्रक्रिया. जितकं लवकर कळेल तितकं कमी कापावं लागतं.

पायरी सहावी: घरी जाताना

डिस्चार्जच्या घाईत बिल, गाडी, औषधं यातच जीव गुंततो आणि शुगरचं विचारायचं राहून जातं. कार्ड हातात आल्यावर तिथेच उभे राहून चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: इन्सुलिन चालू राहणार का आणि किती, बंद केलेल्या गोळ्यांपैकी कोणती कधी पुन्हा सुरू करायची, स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर ती नेमकी कोणत्या तारखेला संपते, आणि शुगर किती आली तर कोणाला फोन करायचा. घरात पहिल्यांदाच इन्सुलिन टोचायचं असेल तर निघण्याआधी सिस्टरसमोर एकदा स्वतः टोचून दाखवा.

घरी ग्लुकोमीटर हवाच. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा, स्टेरॉइड चालू असेपर्यंत दुपारीही. ७० च्या खाली एकदा जरी गेली किंवा २५० च्या वर दोन दिवस राहिली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. आठवड्याभरात वहीसकट नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन या. फ्लू, न्यूमोनिया आणि कोरोनाची लस कधी घ्यायची ते त्याच भेटीत विचारा.

ज्यांना आजारपणातच पहिल्यांदा शुगर निघाली, त्यांनी तीन महिन्यांनी एचबीएवनसी करावी. मध्ये रक्त चढवलं असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर पाहावी. काहींची शुगर स्टेरॉइड थांबल्यावर पूर्ववत होते आणि औषध सुटतं. त्यांनीही पुढे दरवर्षी एकदा तपासत राहावं, कारण अशा माणसांना काही वर्षांनी मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.